गिझर बंद करावा की चालूच ठेवावा?

मघाशी एका ताईंनी विचारलं, "गिझर बंद केला तर पाणी पुन्हा पहिल्यापासून तापवावं लागतं. मग वीज उलट जास्तच जात असेल ना?" हा प्रश्न जाईन तिथे येतो, म्हणून आधी तोच घेतो. जास्त जात नाही. टाकीतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितक्या वेगाने उष्णता बाहेर झिरपते. गिझर बंद केला की पाणी हळूहळू निवतं, फरक कमी होतो, झिरपणंही मंदावतं. चालू ठेवलात तर थर्मोस्टॅट पाणी 60 अंशांच्या आसपास धरून ठेवणार आणि उष्णता दिवसभर त्याच वेगाने जात राहणार. सगळे झोपलेले असताना मध्येच 'टक्' होतं आणि लाल दिवा लागतो, ती त्याची भरपाई.

कॉइल मात्र वीज वाया घालवत नाही. ती पाण्यात बुडालेली असते. तिची उष्णता पाण्यातच उतरणार, दुसरी वाटच नाही. म्हणूनच 'कॉइलवर क्षार साचले की बिल वाढतं' हे मला फारसं पटत नाही. क्षारांचा थर उष्णतेला अडवतो, कॉइल आतून जास्त तापते आणि एक दिवस जळते. भुर्दंड पडतो तो कॉइलचा. पाणी तापताना तडतड आवाज येऊ लागला की टाकी उघडून साफ करून घ्या. त्याच वेळी मॅग्नेशियमचा दांडाही बघायला सांगा. तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही.

आता थोडा हिशेब करू. 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 0.6 युनिट लागतं. 2 किलोवॉटची कॉइल ते काम 18-20 मिनिटांत करते. आंघोळीला 40 अंशांचं 20 लिटर पाणी घेतलं, तर त्यात गेलं फक्त 0.35 युनिट. बाकीची उष्णता टाकीतच राहिली. पाठोपाठ दुसरं कोणी आंघोळीला गेलं तर ती कामी येते, थेट दुसऱ्या दिवशी गेलं तर बरीचशी उडून गेलेली असते. एकट्याच्या आंघोळीला बारा-पंधरा मिनिटं तापवलं तरी भागतं. फक्त टाकी आठवडेच्या आठवडे कोमट ठेवू नका. कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात. अधूनमधून 60 अंशांपर्यंत जाऊ द्या.

नळीकडे तर कुणाचं लक्षच नसतं. आतून 15 मिलिमीटर व्यासाच्या 10 मीटर नळीत पावणेदोन लिटर पाणी मावतं. हात धुवायला तुम्ही गरम पाण्याचा नळ सोडता, पण आधी येतं ते नळीतलं थंड पाणी. त्यातच हात धुऊन होतात, नळ बंद होतो, आणि टाकीतून निघालेलं गरम पाणी भिंतीतल्या नळीत निवत बसतं.