मॅक्रोफेजच्या पोटातलं कोलेस्टेरॉल

(दृश्य : चेसापीक उपसागर, टँजियर बेट, धक्क्याला लागलेल्या होड्या)

अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्यापाशी टँजियर नावाचं एक चिमुकलं बेट आहे. १९६० च्या सुमारास तिथल्या एका लहान मुलाचे टॉन्सिल डॉक्टरांनी पाहिले, तर ते चक्क नारिंगी! त्याच्या बहिणीचेही तसेच. रक्तात एचडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतो, ते जवळजवळ नव्हतंच. टॉन्सिलमधल्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, मात्र कोलेस्टेरॉलने तुडुंब भरलेल्या.

कारण कळायला १९९९ साल उजाडलं. पेशीच्या पटलात एबीसीए१ नावाचा एक प्रथिनांचा पंप असतो. पेशीत साठलेलं कोलेस्टेरॉल तो बाहेर काढतो आणि त्यातूनच एचडीएलचे कण घडू लागतात. या भावंडांमध्ये तो पंप बिघडला होता.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली फुप्फुसाचा छेद, फेसाळ दिसणाऱ्या पेशी)

आता हे फुप्फुस. टीबीच्या रुग्णाचं. या पेशी फेसाळलेल्या दिसतात, कारण प्रत्येकीत मेदाचे थेंब खच्चून भरले आहेत. इथे पंप जन्मापासून बिघडलेला नाही. पेशीत क्षयजंतू शिरला आहे.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये या जंतूची ओळख जगाला करून दिली. मॅक्रोफेज त्याला गिळते खरी, पण तो पचत नाही. ज्या पिशवीत तो अडकतो, ती पाचक रसांच्या पिशवीला जोडली जाऊ नये अशी तजवीज तो करतो आणि आतच मुक्काम ठोकतो.

मग खातो काय? १९९८ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्यात मेदाशी निगडित अशी सुमारे २५० विकरं निघाली. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायकडे ती ५० च्या आसपास. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच्याकडे कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारी यंत्रणाच सापडली : एमसीई४. ती काढून टाकलेले जंतू उंदरांना संसर्ग करू शकले, पण पुढे दीर्घकाळ तग धरू शकले नाहीत. गंमत पाहा, पेशी इंटरफेरॉन गॅमा या प्रतिकारयंत्रणेच्या संदेशवाहक प्रथिनाच्या हुकमाने लढायला सज्ज होते, नेमकी तेव्हाच जंतूला ही यंत्रणा लागते.

म्हणजे भांडण आहे ते पेशीतल्या कोलेस्टेरॉलवरून. पेशीला ते बाहेर घालवायचं आहे, जंतूला आत हवं आहे.

(दृश्य : ॲनिमेशन. पेशीपटल, पंप, बाहेर तरंगणारं एपीओए१ प्रथिन)

पेशीत कोलेस्टेरॉल वाढलं की त्याच्यापासून बनलेली काही संयुगं एलएक्सआर नावाच्या प्रथिनाला चिकटतात. ते केंद्रकात इशारा देतं, एबीसीए१ पंप वाढतात, आणि बाहेर थांबलेल्या एपीओए१ या वाहक प्रथिनाच्या हवाली माल होतो. २००९ च्या प्रयोगात एलएक्सआर नसलेल्या उंदरांत टीबीचा संसर्ग जास्त बळावला. अर्थात सगळा दोष पंपाच्या माथी मारता येत नाही. एलएक्सआर दाहावरही लगाम ठेवतं, आणि त्या उंदरांत प्रतिकारपेशींची कुमकच उशिरा पोचत होती.

जंतूचा डाव २०१६ मध्ये उघड झाला. क्षयजंतू शिरला की मॅक्रोफेजमध्ये ‘मायक्रोआरएनए-३३’ नावाचा छोटा रेणू वाढतो. तो एबीसीए१ ची निर्मिती दाबतो, शिवाय पेशीची स्वतःचा कचरा जिरवण्याची वाटही रोखतो. संशोधकांनी हा रेणू गप्प केला, तेव्हा पेशींतले जंतू कमी झाले.

मग टीबीच्या रुग्णाने अंडी, तूप बंद करायचं का? मुळीच नाही. मेक्सिकोत २००५ मध्ये २१ रुग्णांवर छोटा प्रयोग झाला. औषधांच्या जोडीला काहींना रोज ८०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलचा आहार दिला, इतरांना २५० मिलिग्रॅमचा. जास्त कोलेस्टेरॉल खाणाऱ्यांच्या थुंकीतले जंतू लवकर गेले! इतक्या कमी रुग्णांवरून नियम बांधू नये. पण ताटातलं कोलेस्टेरॉल आणि मॅक्रोफेजमध्ये अडकलेलं कोलेस्टेरॉल ही गल्लत आपल्याकडे सर्रास होते, म्हणून हा प्रयोग मुद्दाम सांगितला.

(दृश्य : प्रयोगशाळा, पेशींच्या तबकड्या)

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनीही मानवी मॅक्रोफेजमध्ये आणि उंदरांत जंतूंचा भार घटल्याचं दिसलं आहे. आज दवाखान्यात टीबीच्या रुग्णाला मिळतात ती प्रतिजैविकं, आणि ती कित्येक महिने न चुकता घ्यावी लागतात. पेशीचा पंप पुन्हा चालू करणारं औषध त्यांच्या जोडीला देता येईल का, हे प्रयोगशाळेत तपासलं जात आहे.