मुंबई इंडियन्स मुंबई सोडून का जात नाही?

नमस्कार मंडळी! आज एक प्रश्न विचारतो, ऐकल्या ऐकल्या शिव्या घालू नका.

वानखेडेवर माणसं मावतात साधारण ३३ हजार. अहमदाबादच्या मोटेरावर मावतात १ लाख ३२ हजार. चौपट! मग धंदाच करायचा असेल तर मुंबई इंडियन्सच्या मालकांनी इथला गाशा गुंडाळून कधीच तिकडे जायला हवं होतं. का नाही गेले?

"मुंबईवर प्रेम आहे म्हणून" असं कमेंटमध्ये येणारच. असेलही. पण टीमचा मालक प्रेमापोटी शहरात राहतो यावर माझा फारसा विश्वास नाही, आणि त्याला कारण अमेरिका.

(स्क्रीनवर: अमेरिकेचा नकाशा, ब्रुकलिनपासून लॉस एंजेलिसपर्यंत बाण)

बेसबॉलमधली ब्रुकलिन डॉजर्स, म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली टीम, १९५५ साली वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथलं अजिंक्यपद, जिंकली. दोनच वर्षांत, १९५७चा मोसम संपल्यावर, टीम ब्रुकलिन सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला गेली. हरत होती म्हणून नाही, प्रेक्षक रुसले होते म्हणूनही नाही. मैदान जुनं झालं होतं, गाड्या लावायला जागा नव्हती. मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच नवीन स्टेडियम बांधायचं होतं. न्यूयॉर्क शहराच्या बांधकामांचे सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस म्हणाले, इथली जागा मिळणार नाही, शहराच्याच क्वीन्स भागात बांधा. ओमॅली म्हणाले, क्वीन्सलाच जायचं तर कॅलिफोर्निया काय वाईट?

बाल्टिमोरची गोष्ट तर याहून भारी. कोल्ट्स ही तिथली फुटबॉल टीम. त्यांचा फुटबॉल म्हणजे हाताने खेळतात तो. मार्च १९८४. मालकाचं आणि शहराचं स्टेडियमवरून बिनसलेलं. टीम सरळ ताब्यातच घ्यायची, असा कायदा मेरीलँडच्या विधिमंडळात पुढे सरकतोय, ही कुणकुण मालकाला लागली. रात्रीच्या रात्री मेफ्लॉवर कंपनीचे ट्रक बोलावले, हेल्मेटपासून ऑफिसच्या कागदांपर्यंत सगळं भरलं आणि निघाले इंडियानापोलिसला. तिथे झाकलेलं नवंकोरं स्टेडियम आधीच उभं होतं. सकाळी बाल्टिमोरला जाग आली तेव्हा टीम गेलेली.

हे तिकडे चालतं, कारण टीम मोजक्या आणि टीम हवी असलेली शहरं जास्त. किती टीम असाव्यात हे आधीपासून असलेल्या टीमचे मालकच ठरवतात. लॉस एंजेलिसएवढ्या मोठ्या शहरात १९९५ ते २०१५ फुटबॉलची एकही मोठी टीम नव्हती. मालकांना ती रिकामी जागा सोन्याची होती! आपल्या शहराला म्हणायचं, करदात्यांच्या पैशातून स्टेडियम बांधून द्या, नाहीतर आम्ही निघालो लॉस एंजेलिसला. बहुतेक वेळा जायची गरजही पडत नाही, धमकीवरच काम होतं.

आता या मुंबईत.

बेसबॉलची टीम वर्षाला ८१ सामने घरच्या मैदानावर खेळते. आयपीएलची टीम किती? ७. त्या सात संध्याकाळींसाठी कोण स्टेडियम बांधणार आणि कोण शहर बदलणार? गेटचा पैसा टीमला मिळतो हे खरं, पण मोठा मलिदा टीव्ही आणि मोबाइलचा आहे. २०२३ ते २०२७ या पाच मोसमांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. तो पैसा बीसीसीआयकडे येतो आणि त्यातला वाटा टीमना मिळतो. वानखेडेवर ३३ हजार बसले की मोटेरावर लाखभर, त्या वाट्यात फरक पडत नाही.

शिवाय २००८ साली रिलायन्सने ११ कोटी १९ लाख डॉलर मोजले, आठ टीममध्ये सर्वांत जास्त. ते कशाचे? तेव्हा ना खेळाडू होते, ना जर्सी. त्यांनी विकत घेतलं ते मुंबई हे नाव, आणि नरिमन पॉइंटपासून बीकेसीपर्यंत बसलेल्या कंपन्यांचा शेजार. ते सोडून जायचं म्हणजे दिलेल्या पैशावर पाणी सोडायचं.

२०१६ साली तर सक्तीने जावं लागलं होतं. महाराष्ट्रात दुष्काळ होता. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. मुंबई इंडियन्सने घर मांडलं विशाखापट्टणमला! नाव मुंबई, घर देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर. लीग काही थांबली नाही.

पण अमेरिकेसारखं खरंखुरं भांडण मुंबईत झालेलं आहे, आणि मला तोच किस्सा सगळ्यात जास्त आवडतो. चर्चगेटला उतरून ब्रेबॉर्नकडे चालत जा, मग तिथून वानखेडेला. दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता. एवढ्याशा अंतरात दोन कसोटी मैदानं कशाला?

ब्रेबॉर्न हे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे सीसीआयचं. सामने भरवायची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, आजची एमसीए. मैदान एकाचं, सामना दुसऱ्याचा. मग दर कसोटीला तोच वाद: असोसिएशनच्या वाट्याला किती खुर्च्या? पागडीच्या चाळीत मालक आणि भाडेकरू जसे वर्षानुवर्षं भांडतात, तसं चाललेलं. शेवटी असोसिएशनचे शेषराव वानखेडे, जे तेव्हा विधानसभेचे अध्यक्षही होते, म्हणाले, आपलं आपण बांधू. शशी प्रभू या तरुण वास्तुविशारदाला काम दिलं. चर्चगेट-मरीन लाइन्सच्या रुळांना खेटून जी जागा मिळाली तिथे वर्षभरात स्टेडियम उभं राहिलं, आणि जानेवारी १९७५ मध्ये क्लाइव्ह लॉइडने तिथे नाबाद २४२ ठोकले. ब्रेबॉर्नवर १९७३ नंतरची पुढची कसोटी झाली ती थेट २००९ला, तीही वानखेडेचं काम चालू होतं म्हणून.

"आपलं आपण बांधू" अशी धमकी आज कोणी देऊन दाखवावी. शहरात जागा आहे कुठे? वानखेडे एमसीएचं, मुंबई इंडियन्स तिथे सात दिवसांची भाडेकरू. दोघांनाही हलता येत नाही.

फुटबॉलमध्ये मात्र आपल्याकडेही स्थलांतर झालंय. २०१९ साली दिल्ली डायनामोज उठून भुवनेश्वरला गेली आणि ओडिशा एफसी झाली, कारण तिथे राज्य सरकार कलिंगा स्टेडियमसह पाठीशी उभं होतं. त्याच वर्षी एफसी पुणे सिटीचं दुकान बंद झालं आणि ती जागा हैदराबादने घेतली. पुणेकरांनो, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, खरंच.

आता माझी तक्रार. मुंबईची कबड्डी टीम, यू मुंबा! २०१४ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये सामने, २०१५ला तिथेच विजेतेपद. आणि आता? ऑक्टोबर २०२४ला सुरू झालेल्या मोसमाचे सामने हैदराबाद, नोएडा, पुण्यात. २०२५चे विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्लीत. आयोजकांचं गणित समजतं: सगळ्या टीम एका गावात आणल्या की प्रवास, कॅमेरे, मॅट, सगळ्याचा खर्च वाचतो. पण गिरणगावच्या गल्ल्यांत हा खेळ वाढला, आणि मुंबईचं नाव लावणाऱ्या टीमने या दोन मोसमांत मुंबईत एक चढाई केली नाही. कोल्ट्स निदान ट्रक भरून उघड गेले, इथे नाव तेच ठेवून सामने तेवढे गेले.

वरळीत यू मुंबाचा सामना कोणी कोणी पाहिलाय? तिकीट कितीला काढलं होतं तेही कमेंटमध्ये लिहा.