लंडनमध्ये घडलेले आयर्लंड

(दृश्य : ग्रेज इन रोड, लंडन. पबचा दर्शनी भाग, मग आतला छोटा रंगमंच.)

किंग्ज क्रॉस रेल्वे स्थानकापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर हा पब आहे. आज त्याच्या पाटीवर 'वॉटर रॅट्स' असे नाव असले, तरी १९८२ मध्ये तो 'पिंडर ऑफ वेकफील्ड' म्हणून ओळखला जात असे. तरुण बॉब डिलन १९६२च्या डिसेंबरात येथे गाऊन गेला होता. परंतु आपण आलो आहोत ते ४ ऑक्टोबर १९८२च्या रात्रीसाठी. त्या रात्री 'पोग महोन' नावाच्या नव्या मंडळींनी येथे पहिला कार्यक्रम केला. पुढे हे नाव आयरिश भाषेतील शिवी असल्याची तक्रार बीबीसीकडे गेली आणि १९८४ मध्ये बँडने ते आखडून 'द पोग्ज' केले.

पंकच्या, म्हणजे १९७०च्या दशकातल्या त्या वेगवान, बंडखोर रॉक संगीताच्या, पहिल्या लाटेचा भर तोवर ओसरला होता. आयर्लंडला पंक नवे नव्हते. डब्लिनचे रेडिएटर्स फ्रॉम स्पेस, बेलफास्टचे स्टिफ लिटल फिंगर्स आणि डेरीचे अंडरटोन्स हे बँड १९७०च्या दशकातच गाजू लागले होते. मात्र त्यांच्या हातातली वाद्ये लंडन-न्यूयॉर्कच्या पंक बँडपेक्षा वेगळी नव्हती. पोग्जनी इलेक्ट्रिक गिटारचा तो वेग आणि बेदरकारपणा घेतला, आणि तो घरगुती बैठकीतल्या जुन्या वाद्यांवर चढवला.

(दृश्य : टिन व्हिसल, अगदी जवळून. छिद्रांवर फिरणारी बोटे.)

हे त्यांतले सर्वांत साधे वाद्य, टिन व्हिसल. पत्रा गुंडाळून केलेली नळी, तोंडाशी लाकडी गुट्टी आणि पुढच्या बाजूला सहा छिद्रे. अंगठ्यासाठी मागे छिद्र नाही. हळू फुंकले की खालचे सप्तक वाजते, आणि बोटे तीच ठेवून जोराने फुंकले की सूर वरच्या सप्तकात उडी घेतो. आयरिश संगीताची ओळख बनलेली ही पिपाणी कारखान्यात घडू लागली ती मात्र इंग्लंडमध्ये: सफक परगण्यातल्या रॉबर्ट क्लार्क या शेतमजुराने १८४३ मध्ये ती बनवायला घेतली आणि पुढे मँचेस्टरला तिचा कारखाना काढला. आयरिश म्हणून आपण जे ऐकतो, त्यातले बरेचसे समुद्रापलीकडे घडले आहे, आणि या चित्रपटाचा विषयही तोच आहे.

पोग्जमध्ये व्हिसल वाजवणारा स्पायडर स्टेसी हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ईस्टबर्नचा. अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा जेम्स फर्नली मँचेस्टरजवळचा. तो मुळात गिटारवादक होता आणि हे वाद्य या बँडसाठी शिकला. आपल्या पेटीप्रमाणेच अ‍ॅकॉर्डियनमध्येही भात्याची हवा धातूच्या सुरांवरून जाते, फरक इतकाच की ते गळ्यात अडकवून दोन्ही हातांनी ताणावे लागते. आणि फर्नली ते ओझे घेऊन रंगमंचावर उड्या मारत असे, गुडघे टेकत असे. बँजो वाजवणारा जेम फायनर आणि ड्रमवादक अँड्र्यू रँकन हेही इंग्लिशच. रँकन सुरुवातीच्या काळात बसून वाजवत नसे. दोनच ढोलांपुढे उभा राहून तो ठोके देई. बास वाजवणारी केट ओ'रिऑर्डन ही आयरिश वडील आणि स्कॉटिश आई यांची मुलगी असून तिचा जन्म नायजेरियातील लागोसचा. उरला गायक आणि गीतकार शेन मॅकगोवन, तोही आयरिश आईबापांच्या पोटी जन्मला तो इंग्लंडच्या केंट परगण्यात, २५ डिसेंबर १९५७ रोजी.

(दृश्य : जुने चित्रीकरण. बिअरच्या ट्रेने कपाळावर ताल धरणारा स्टेसी.)

हा प्रकार पाहून हसू येते आणि येऊ द्यावे. पण ताल कुठेही चुकत नाही, हेही पाहावे. सहा मात्रांची जिग ज्या लयीत लोक नाचतात, त्याच्या कितीतरी पुढच्या लयीत ही मंडळी वाजवत, आणि त्या घाईत बँजो, व्हिसल आणि अ‍ॅकॉर्डियन एकच धून एकत्र धरून ठेवत. दारुड्यांचा गोंधळ म्हणून ज्यांनी या बँडला मोडीत काढले, त्यांनी एवढे एक चित्रीकरण आवाज मोठा करून ऐकावे.

(दृश्य : टिपररी परगणा. कार्नी गावाजवळची शेते, दगडी घर. नंतर कॅमडन आणि किलबर्नचे रस्ते.)

मॅकगोवनच्या लहानपणाचा बराच काळ टिपररीतील नीना गावाजवळच्या या भागात, आईच्या नातलगांकडे गेला. जुनी गाणी त्याच्या कानी पडली ती या घरातल्या स्वयंपाकघरात. १९५०च्या दशकात सुमारे चार लाख माणसे आयर्लंड सोडून गेली आणि १९६१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या २८ लाखांवर उतरली. जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी इंग्लंडची वाट धरली. पुरुषांनी रस्ते आणि बोगदे खणले, स्त्रियांनी रुग्णालयांत परिचारिकेचे काम केले, आणि लंडनमधील किलबर्न, कॅमडन, क्रिकलवुड या भागांत त्यांचे पब, चर्च आणि नाचघरे उभी राहिली. आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये केलेल्या बाँबस्फोटांनंतर या वस्त्यांतल्या माणसांना आपला उच्चारही सार्वजनिक जागी जपून करावा लागे. त्यांच्या मुलांना आयर्लंडमध्ये इंग्लिश आणि इंग्लंडमध्ये आयरिश समजले जाई. ही मुले पोग्जची पहिली श्रोते झाली, आणि आईवडिलांची जी गाणी मित्रांपुढे लपवावीशी वाटत, तीच त्यांनी घसा फोडून म्हटली.

आयर्लंडमधील सर्वांना हे रुचले, असे नाही. १९८५ मध्ये रेडिओवरील एका चर्चेत कॉन्सर्टिना या अ‍ॅकॉर्डियनसारख्या छोट्या भात्याच्या वाद्याचे वादक नोएल हिल यांनी पोग्जच्या संगीतावर कडाडून टीका केली. परंपरेचा हा अपमान आहे, असाच त्यांचा सूर होता. दोन वर्षांनी आयरिश लोकसंगीतातील बुजुर्ग मंडळी, म्हणजे द डब्लिनर्स, पोग्जसोबत 'द आयरिश रोव्हर' गायला उभे राहिले आणि ते गाणे ब्रिटनमधील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकावर पोहोचले. आमच्या मते वादाचा निकाल तेथेच लागला.

(दृश्य : ध्वनिमुद्रण स्टुडिओ. पियानोच्या पट्ट्या. बर्फातले न्यूयॉर्क.)

'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' हे गाणे ऐकताना एका बैठकीत सुचल्यासारखे वाटते, पण ते जमायला दोन वर्षे लागली. फायनर आणि मॅकगोवन यांनी ते १९८५ मध्ये लिहायला घेतले. स्त्रीचा भाग आधी ओ'रिऑर्डन गाणार होती. १९८६ मध्ये तिने बँड सोडला आणि गाणे अर्धवट पडून राहिले. निर्माते स्टीव्ह लिलीव्हाइट यांनी मग त्या भागाची फीत घरी नेली आणि पत्नी कर्स्टी मॅककॉल हिच्याकडून नमुन्यादाखल गाऊन घेतला. नमुना ऐकल्यावर दुसरी गायिका शोधण्याचा प्रश्नच उरला नाही. संथ पियानोवर सुरू होणारे हे गाणे मध्येच जिगच्या लयीत शिरते, आणि नाताळच्या रात्री भांडणाऱ्या दोन स्थलांतरितांची शिवीगाळ त्या नाचऱ्या लयीवर बसवलेली आहे. १९८७च्या नाताळात ते आयर्लंडमध्ये पहिल्या आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होते. मॅककॉल २००० साली मेक्सिकोच्या समुद्रात बोटीच्या धडकेने मरण पावली.

१९८८ मध्ये ब्रिटनच्या स्वतंत्र प्रसारण प्राधिकरणाने पोग्जच्या एका गाण्यावर बंदी घातली, कारण १९७४च्या बर्मिंगहॅम बाँबस्फोटांसाठी शिक्षा झालेले सहा आयरिश पुरुष निर्दोष आहेत, असे ते गाणे सांगत होते. मार्च १९९१ मध्ये न्यायालयाने त्या सहाही जणांना मुक्त केले.

(दृश्य : केंटिश टाउनचे सभागृह. गर्दीच्या डोक्यांवरून हातोहात पुढे सरकणारे तरुण.)

हे चाहते पाहा. हिरवा-पांढरा-नारिंगी झेंडा, आयरिश स्थलांतरितांच्या सेल्टिक या ग्लासगोतल्या फुटबॉल क्लबचा आडव्या पट्ट्यांचा शर्ट, मागे चामडी जाकीट घातलेला पंक, आणि त्याच्या शेजारी कोट-टोपीतले गृहस्थ, जे बहुधा कोणाचे तरी वडील असावेत. एरवी हे सगळे एका छताखाली येण्याचे कारण नव्हते.

१९९१ मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना बँडने मॅकगोवनला काढून टाकले. दारूमुळे तोवर त्याला गाणेच जमेनासे झाले होते. २००१ पासून तो पुन्हा त्यांच्यासोबत गाऊ लागला आणि ब्रिक्स्टनमधील डिसेंबरचे कार्यक्रम हा लंडनच्या आयरिश कुटुंबांचा रिवाज झाला.

(दृश्य : डब्लिन, ८ डिसेंबर २०२३. घोड्यांची काचेची गाडी. रस्त्याच्या दुतर्फा गाणारी माणसे. नंतर नीना येथील चर्च.)

मॅकगोवनचे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी निधन झाले. नीनाच्या चर्चमध्ये आयर्लंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स पुढच्या रांगांत बसले होते, वेदीपाशी ग्लेन हॅन्सर्ड आणि लिसा ओ'नील यांनी तेच न्यूयॉर्कचे गाणे घेतले, आणि मॅकगोवनचे आप्त उठून नाचू लागले.

(दृश्य : हॅक्नी एम्पायर, लंडन.)

२०२४च्या मे महिन्यात पहिल्या अल्बमला चाळीस वर्षे होत असल्याच्या निमित्ताने स्टेसी, फायनर आणि फर्नली यांनी पूर्व लंडनमधील या नाट्यगृहात ती गाणी पुन्हा वाजवली. मॅकगोवनचे भाग त्यांनी एकाच गायकाकडे सोपवले नाहीत. ते वाटून दिले, आणि वाटेकऱ्यांत डब्लिनच्या आजच्या लोकसंगीत बँडांतले तरुण होते, तशीच इंग्लंडमध्ये वाढलेली, पाकिस्तानी वडिलांची मुलगी नादीन शाहही होती.