बदनाम गाड्यांची जुळी भावंडं

मंडळी, नमस्कार.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने समोरून आदळून पाहिल्या. नॅनो, अल्टो ८००, आय-टेन, फिगो आणि पोलो. पाचही गाड्या एअरबॅग नसलेल्या. पुढे बसलेल्या मोठ्या माणसांच्या सुरक्षेचा निकाल पाचही जणींचा एकच लागला: शून्य तारे. फिगो आणि पोलोचा सांगाडा निदान टिकला, बाकी तिघींचा कमीजास्त दबला. त्या काळात देशात सगळ्यांत जास्त खपणारी गाडी कोणती होती? अल्टो. आणि 'पत्र्याचा डबा' म्हणून हसं कोणाचं झालं? नॅनोचं. अल्टो पुढेही तशीच खपत राहिली. लग्नात मुलीला दिली गेली, बँकेच्या कर्जावर घेतली गेली, आणि तिला डबा म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

नॅनोची स्वतःची पापं होती, ती मी झाकत नाही. २००९-१० मध्ये काही नव्याकोऱ्या नॅनोंनी पेट घेतला, त्यातली एक मुंबईत. कंपनीने पुढे सायलेन्सर आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून दिलं. इंजिन मागे, आणि मागचं दार उघडतच नव्हतं. पिशवी ठेवायची तर मागच्या सीटवरून आत वाकायचं. ते दार उघडायला २०१५ साल उजाडलं. पण माझ्या मते गिऱ्हाईक बिचकलं ते यामुळे नाही. 'जगातली सगळ्यांत स्वस्त गाडी' ही पाटी तिला नडली. आपल्याकडे पहिली गाडी घ्यायची ती निम्मी शेजाऱ्यांसाठी, आणि इथे शेजाऱ्याला किंमत तोंडपाठ! रतन टाटांनीही पुढे जाहीरपणे कबूल केलं की स्वस्तपणाचं लेबल लावून ती गाडी विकायला नको होती. जून २०१८ मध्ये साणंदच्या कारखान्यातून महिनाभरात एक नॅनो बाहेर पडली. अख्ख्या महिन्यात एक.

तर एखादी गाडी वाईट आहे असं कोणी ठासून सांगितलं की मी एक काम करतो. तिचं जुळं शोधतो. मोटारीच्या धंद्यात एकच इंजिन चार कंपन्या वापरतात, एकच सांगाडा तीन देशांत तीन नावांनी फिरतो. मग तेच इंजिन दुसऱ्या बॉनेटखाली कसं वागलं? तीच गाडी दुसऱ्या किमतीला विकली तेव्हा लोक काय म्हणाले? जुळ्याचं बरं चाललं असेल तर खोट गाडीत नाही, बाहेर कुठेतरी आहे. दोघांचीही रडकथा सारखीच असेल, तर मग बदनामी कमावलेली आहे.

ही पद्धत माझी नाही. अमेरिकेच्या सरकारने ती एकदा भर खर्चाने वापरली आहे. शेव्हरोलेची कॉर्व्हेअर ही मागे इंजिन असलेली गाडी १९६० मॉडेलची. वळणावर मागची चाकं आत मुडपतात आणि गाडी उलटते, असा आरोप राल्फ नेडर या वकिलाने १९६५ मध्ये केला आणि ती गाडी जगभर बदनाम झाली. सरकारी यंत्रणेने १९६३ ची कॉर्व्हेअर घेतली आणि तिच्या शेजारी त्याच काळातल्या फोर्ड फाल्कन, प्लिमथ व्हॅलियंट, फोक्सवॅगन बीटल आणि रेनो डॉफिन उभ्या केल्या. १९७२ चा अहवाल म्हणतो की ताबा सुटण्याचा धोका कॉर्व्हेअरला इतरांपेक्षा जास्त नव्हता. म्हणजे नेडर खोटे ठरले का? तसंही नाही. त्या गाडीच्या पुढच्या टायरमध्ये १५ पौंड आणि मागच्यात २६ पौंड हवा ठेवावी, असं कंपनीच सांगत होती. पेट्रोल पंपावरचा पोरगा चारही चाकांत सारखीच हवा भरणार, आणि ती भरली की गाडीचा तोल बिघडणार. ज्या गाडीचा जीव हवावाल्याच्या हातात ठेवलाय, तिच्यावर बोट ठेवायचा अधिकार माणसाला आहेच. फक्त मग ते बोट बीटलवरही ठेवायला हवं होतं. तिचीही मागची चाकं तशीच होती, आणि तिच्यावर मात्र जग प्रेम करत बसलं.

आता आपल्या घरची गोष्ट, आणि तिच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. पूजो ३०९. इथे बसलेल्यांपैकी कल्याण-डोंबिवलीच्या मंडळींना ती आठवत असेल. १९९४ मध्ये आपली प्रीमियर आणि फ्रान्सची पूजो या कंपन्यांनी मिळून ती कल्याणच्या कारखान्यात बनवायला घेतली. युरोपात ती १९८५ पासून होती, आणि आपल्याकडे आली तोवर तिकडे निवृत्तही झाली होती. मूळची ती टॅल्बो या पूजोच्याच दुसऱ्या ब्रँडच्या नावाने यायची होती. ऐन वेळी पूजोचं नाव लागलं, म्हणून तो ३०९ आकडा त्यांच्या क्रमात बसत नाही. असो, विषय तो नाही.

ही गाडी ज्यांनी चालवली त्यांना विचारा. खड्ड्यातून जाताना चहाचा कप सांडणार नाही असं सस्पेन्शन, आणि घाटात वळणाला चिकटून राहणारी. डिझेलचं इंजिन १५२७ सीसीचं, पूजोच्या टीयूडी-५ जातीचं. तरीही 'पूजो घेऊ नका, फसाल' हे वाक्य १९९८-९९ मध्ये मुंबई-पुण्याच्या कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळायचं. कारण उघड होतं. कारखान्यात संप, भागीदारांत बेबनाव, आणि पूजोवाले दशक संपायच्या आत भारतातून निघून गेले. विक्रेत्यांनी पाट्या उतरवल्या. त्यानंतर हेडलाइट फुटला तर भंगारातली दुसरी पूजो शोधा.

आणि नेमकं याच सुमाराला मारुतीने डिझेलची झेन बाजारात आणली, मग एस्टीमही. तिच्या बॉनेटखाली काय होतं? तेच १५२७ सीसीचं पूजोचं इंजिन, फ्रान्सहून आणलेलं. त्या झेनला कोणी 'फसाल' म्हटलं नाही. आवाज जास्त, पिकअप बेताचा, अॅव्हरेज उत्तम, अशी तिची साधी सरळ ख्याती झाली. एकाच गल्लीत एका दारात पूजो धूळ खात उभी, दुसऱ्या दारात झेन डिझेल रोज ऑफिसला जातेय, आणि दोघींचं काळीज एकच! फरक मारुतीच्या वर्कशॉपांचा. गावोगावी वर्कशॉप, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात फिल्टर.

इथे मला मेस्त्री लोकांची बाजूही मांडायची आहे, कारण शहाणी माणसं त्यांनाच दोष देतात. मेस्त्री एखाद्या गाडीला नावं ठेवतो तेव्हा तो इंजिनिअरिंगवर टीका करत नसतो. ज्या गाडीचा पार्ट मिळत नाही, ती त्याच्या शेडमध्ये दोन महिने जागा अडवते, आणि मालक रोज फोन करून त्यालाच ओरडतो. त्याच्या हिशेबी ती गाडी वाईटच. घेणाऱ्याच्या हिशेबीही वाईट. पूजोची बदनामी तिच्या मालकासाठी शंभर टक्के खरी होती आणि तिच्या इंजिनिअरसाठी शंभर टक्के अन्यायाची. हे दोन निकाल वेगवेगळे ठेवले नाहीत की वाद कधी मिटत नाही.

फियाट उनोचंही थोडंफार तेच. १९८४ सालची 'युरोपियन कार ऑफ द इयर', आपल्याकडे १९९६ मध्ये आली, लोकांनी पैसे भरून रांगा लावल्या, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात संप पेटला. गाडी धड हातात पडायच्या आत तिचं नाव खराब झालं होतं.

किमतीने बदनामी कशी होते, त्याचं माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण पिंपरीचं आहे. टाटांची इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये आली. पहिल्या लॉटमध्ये तक्रारी खूप, हे खरंच. कंपनीने त्या निस्तरल्या, २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आणली आणि पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्रातला निम्मा टॅक्सीधंदा तिच्या जिवावर चालला, असं म्हटलं तर ड्रायव्हर मंडळी माझ्याशी भांडणार नाहीत. पाच माणसं आणि त्यांचं सामान घेऊन शिर्डीला जायचं आणि त्याच रात्री परत यायचं, आणि हिशेबात नफा राहायचा. हीच गाडी, पेट्रोल इंजिन घालून, २००३ मध्ये ब्रिटनमध्ये विकायला गेली. नाव सिटीरोव्हर, विकणारी तिथली एमजी रोव्हर कंपनी. सुरुवातीची किंमत साडेसहा हजार पौंडांच्या आसपास. त्या पैशात ब्रिटिश माणसाला फियाटची नवी पांडा मिळत होती, जी २००४ ची युरोपियन कार ऑफ द इयर ठरली. तिथल्या पत्रकारांनी सिटीरोव्हरची सालपटं काढली. कंपनी तर एका प्रसिद्ध टीव्ही कार्यक्रमाला चाचणीसाठी गाडी द्यायला तयार नव्हती, शेवटी त्यांच्या माणसाने गिऱ्हाईक बनून छुप्या कॅमेऱ्याने ती चालवली. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाली आणि प्रश्न मिटला. आजही ब्रिटनमध्ये वाईट गाड्यांची यादी निघाली की आपली पिंपरीची पोर तिच्यात असते. इथे तिने घरं चालवली. प्लास्टिक तेच, गिअरचा दांडाही तोच, किंमत मात्र वेगळी.

आता रोव्हरचं नाव निघालंच आहे, तर उलट्या दिशेने आलेली रोव्हर सांगतो. तिच्यावर माझी दया नाही. स्टँडर्ड २०००.

१९७६ मध्ये ब्रिटनमध्ये रोव्हर एसडी-१ आली. लांब, निमुळती, मागे पाचवं दार, पुढे साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन. १९७७ चा युरोपियन कार ऑफ द इयर तिला. त्याच गाडीचा सांगाडा मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने घेतला आणि १९८५ मध्ये भारतात उतरवला. व्ही-एटच्या जागी बसवलं १९९१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ज्याचं कूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्टँडर्ड व्हॅनगार्डमध्ये आहे. 'ट्रॅक्टरचं इंजिन बसवलंय' असं लोक तेव्हा चेष्टेने म्हणायचे. चेष्टा अगदीच निराधार नव्हती. व्हॅनगार्डच्या त्या इंजिनाचा भाऊ फर्ग्युसनच्या करड्या ट्रॅक्टरमध्ये खरोखरच होता. आणि गंमत बघा, दुसरा भाऊ ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स कारमध्ये होता! म्हणजे जुळी सगळी कर्तबगार. इंजिन नांगराला उत्तम, हलक्या दोन सीटच्या गाडीला उत्तम. पण त्याच्यावर एवढी मोठी आलिशान गाडी लादायची, वजन वाढवायचं, आपल्या रस्त्यांसाठी उंची वाढवायची, आणि दोन लाखांच्या पुढे किंमत लावायची, तीही मारुती ८०० बाजारात येऊन दोन वर्षं झाल्यावर? गाडी पेट्रोल प्यायची, पळायची मात्र नाही. तीन-चार वर्षांत ती आणि पाठोपाठ तिची कंपनीही आटोपली. इथे मी कुठल्याही अपिलाला उभा राहणार नाही. लोकांनी जे म्हटलं ते बरोबर म्हटलं.

प्रीमियर ११८ एनई बद्दल दोन वाक्यं, कारण मागच्या रांगेतून मघाशी कोणीतरी विचारलं. तिचा सांगाडा फियाट १२४ चा, इंजिन निस्सानचं ११७१ सीसीचं. इंजिनाबद्दल मी कधी वाईट ऐकलं नाही. पत्र्याबद्दल ऐकलं, आणि मुंबईत पावसाळे काढलेल्या ११८ च्या दारांखाली बोट घालून बघितलं तर ते पटतं. तिचं जुळं रशियातली लाडा. रशियनांनी १२४ घेताना तिच्यात आठशेच्या वर बदल केले, जाड पत्रा वापरला, उंची वाढवली. म्हणून ती बर्फात टिकली. आपण तेवढी तसदी घेतली नाही. ही बदनामी निम्मी कमावलेली आहे, असं मी म्हणेन.

आता ज्यांना अशी एखादी जुनी गाडी घ्यायचीच आहे, आणि तुमच्यातल्या दोघातिघांच्या डोळ्यांत ते मला दिसतंय, त्यांच्यासाठी. इंजिनाची चिंता सगळ्यांत शेवटी करा. पूजोच्या डिझेलला झेनवाले मेस्त्री हात लावतात, ११८ चं निस्सान इंजिन समजणारे जुने हात अजून सापडतात. नॅनोचे पार्ट तर अजून मिळतात. पैसे मोजायच्या आधी दोन गोष्टी बघा: पुढची काच आणि दारांचे रबर. इंजिनाचा पार्ट घासून, भरून, दुसऱ्या गाडीचा लावून वेळ मारून नेता येते. ३०९ ची पुढची काच मात्र दुसऱ्या कुठल्याच गाडीची बसत नाही. ती आधी मिळवा, घरी पलंगाखाली नीट गुंडाळून ठेवा, आणि मग बयाणा द्या.