फुंकर मारा, साहेब

[पहाट. बर्फाचा रस्ता. इमारतीबाहेर रांग.]

सकाळचे सात. अमेरिकेतलं साउथ डकोटा राज्य. शेरिफच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयात एकेक जण पुढे येतो, नळीत फुंकतो आणि कामावर जातो. संध्याकाळी पुन्हा तेच.

ही माणसं दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेली, बरीचशी दुसऱ्या-तिसऱ्यांदा. बाहेर राहायचं तर अट एकच : थेंबही घ्यायचा नाही. यंत्रानं पकडलं, की तिथूनच एक-दोन दिवस कोठडीत. सहा महिन्यांनी लागणाऱ्या निकालाला पिणारा घाबरत नाही. आज संध्याकाळी सातला मात्र घाबरतो.

राज्याचे अॅटर्नी जनरल, म्हणजे सर्वोच्च सरकारी वकील, लॅरी लाँग यांनी २००५ मध्ये हे सुरू केलं. ९९ टक्क्यांहून जास्त चाचण्या कोरड्या निघाल्या. रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार पुन्हा पिऊन गाडी चालवल्याच्या अटका सुमारे १२ टक्क्यांनी घटल्या. घरातल्या मारहाणीच्याही ९ टक्क्यांनी.

पण नळीत फुंकणं म्हणजे उपचार नव्हे. ती पायरी अमेरिकेतल्याच न्यू मेक्सिको राज्यातल्या डोन्या आना काउंटीनं (जिल्ह्यानं) १९९५ मध्येच गाठली होती. तिथल्या खास न्यायालयात समुपदेशन आणि व्यसनमुक्तीचे उपचार हा शिक्षेचाच भाग. न्यायाधीश त्याच माणसाला पुन्हा पुन्हा समोर बोलावून विचारतात, कसं चाललंय?

[रात्र. आपल्याकडची नाकाबंदी.]

इथेही नळी तीच. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल, की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्यांदा दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा पंधरा हजार, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर्तमानपत्रं ‘तळीराम’ म्हणून बातमी छापतात, आपण हसतो. रोज लागते का, हे कुणीच विचारत नाही.

गंमत म्हणजे, अमली पदार्थांच्या कायद्यात उपचाराकडे जाणारं दार आहे. कलम ६४-अ : थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर खटल्यातून सूट. उपचार अर्धवट सोडले, तर सूट जाऊ शकते. दारू पिऊन स्टिअरिंगवर बसलेल्यासाठी मोटार वाहन कायद्यात असं कलम नाही.

[पुणे. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं फाटक.]

उपचाराची जागा मात्र आहे. १९८६ पासून इथं माणसं येतात. कुणाला बायको घेऊन येते, कुणाला आई.

दंड भरलेला तो मात्र चौकीतून गाडीची किल्ली घेऊन निघालाय. घरी जायच्या रस्त्यावर परमिट रूम उघडी आहे.