ऋतू पालटताना घरातलं ओझं

मंडळी, आयुर्वेदात ऋतुसंधी नावाचा काळ सांगितला आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात. या पंधरवड्यात जुना आहारविहार हळूहळू सोडायचा, नवा हळूहळू धरायचा. एकदम केलं की दुखणं मागे लागतं. हा नियम आपण ताक-पन्ह्यापुरता पाळतो, घरकामाला लावत नाही. ऋतूबरोबर नवं काम येतं, जुनं सुटत नाही, आणि दोन्ही बहुधा एकाच बाईच्या अंगावर पडतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७.

उन्हाळ्यातल्या कुरडया घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. एक दिवस राहिलं तर चिकाला उग्र आंबूस वास येतो. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर निवळत ठेवायचा आणि सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं. मग वाटीभर दाट चिकाला वाटीभर पाणी, मीठ, हिंग. पाणी उकळलं की एका हाताने चीक ओतायचा, दुसऱ्याने ढवळत राहायचं. हात थांबला की गाठी झाल्याच. शिजलेला चीक चकचकीत, अर्धपारदर्शक दिसतो. कच्चा राहिला तर कुरडई वाळल्यावर तिचे तुकडे पडतात. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, तोही ऊन चढायच्या आत. म्हणजे पहाटे उठणं आलं, आणि साडेसातला डबेही हवेतच! कुरडया एकवेळ परवडल्या. त्या दिवशी रोजचा स्वयंपाक सुटत नाही, ते अंगावर येतं.

तेव्हा गहू पाच किलोंऐवजी एक किलो. ढवळायला दुसरा माणूस हवाच. चिकाला काही बाईचाच हात लागतो असं नाही. डब्यात आदल्या दिवशीच्या दशम्या आणि चटणी.

पंधरवडा लागला की एका कागदावर तीन रकाने पाडा: काम, करणारा, लक्षात ठेवणारा. खरी गोम तिसऱ्या रकान्यात आहे. मुलगा भाजी आणतो, पण 'भाजी संपली' हे आईनेच सांगायचं असेल तर ते काम अजून आईकडेच आहे. नवं काम लिहिण्याआधी जुनं एक खोडायचं. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तर चादरी दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी धुतल्या तरी चालतं. दिवाळीला चकली-चिवडा घरी, करंज्या-अनारसे बचत गटाकडून. मात्र ऑर्डर दसऱ्याच्या आत द्या, नंतर त्या बायकाही मेटाकुटीला आलेल्या असतात.

श्रावणाबद्दल थोडं. नैवेद्य घरभराचा आणि उपास हिचा, असं घराघरांत चालतं. दिवसभर चहावर राहायचं आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे पित्ताला आमंत्रण. सकाळी फळ किंवा दूध, दुपारी वरी-आमटी, आणि पाणी तहान नसली तरी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका, साखर एकदम उतरू शकते. देवाला याचा राग येत असेल असं मला वाटत नाही.

शेवटचं, आजारपणाचं. ऋतू बदलताना घरात कुणीतरी तापाने पडतंच. स्वयंपाक करणारीच पडली की 'मीठ कुठंय, दूधवाल्याला काय सांगू' या प्रश्नांनी तिला झोपू देत नाहीत. म्हणून धडधाकट असतानाच एक कागद फ्रिजवर चिकटवा: डाळ-तांदळाचे डबे कुठले, मऊ भाताला पाणी किती (वाटीला चार वाट्या), गॅस बुक करायचा नंबर, कुणाची कुठली गोळी कधी. ताप उतरल्यावरही आणखी दोन दिवस त्याच कागदावर घर चालू द्या. भात करपला तर करपू दे. ओरडा ऐकू आला तरी उठायचं नाही.