मजकूर आहे, पण तो बोलतो का?

मंडळी, विषय फलकावर लिहिलेलाच आहे आणि तो फलक आपल्यातल्या निम्म्या लोकांना दिसत नाही, म्हणून सांगून टाकतो: स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, चालतील असे ऑनलाइन मजकूर-खेळ, आणि ते खेळायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं. मला दिलेल्या अर्ध्या तासातला बराचसा माइकनेच खाल्लाय. असो.

डोळस मित्रांचं एक लाडकं वाक्य आहे. "त्यात चित्रंच नाहीत, नुसती अक्षरं. म्हणजे खास तुमच्यासाठीच बनवलाय की!" नाही हो. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने 'मड' हा अनेकांनी मिळून खेळायचा मजकूर-खेळ लिहायला घेतला (पुढे अशा सगळ्याच खेळांना मड म्हणू लागले), पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला, तेव्हा आपण कुणाच्या खिजगणतीतही नव्हतो. टर्मिनलवर अक्षरांपलीकडे फारसं काही उमटवता येत नव्हतं, म्हणून अक्षरं. पुढे चित्रांचे खेळ आले, बहुतेक डोळस बिऱ्हाडं तिकडे गेली, आणि त्या मोकळ्या वाड्यात आपण राहायला आलो. वाडा झकास आहे. माझं भांडण आहे ते दारावरच्या नक्षीशी.

एका मडचं नाव घेत नाही. जोडणी झाली की स्वागताला ड्रॅगन. रेघा, कंस, तारे जुळवून काढलेला. माझा स्क्रीन रीडर प्रामाणिक प्राणी, तो सुरू झाला: तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, अधोरेखा, उभी रेघ, कंस पूर्ण, तारा, तारा... सलग एकच चिन्ह आलं तर मोजूनही सांगतो, "बावीस आडव्या रेघा". ती ड्रॅगनची शेपटी असावी. शेपटी संपली की किल्ला. किल्ल्याला बुरूज. बुरुजावर झेंडा. नाव विचारणारी ओळ या सगळ्याच्या तळाशी, आणि तिथवर पोहोचेपर्यंत समोरचा सर्व्हर कंटाळून जोडणी तोडतो. मी व्यवस्थापकांना नम्रपणे लिहिलं, ड्रॅगन वगळायची सोय द्याल का? उत्तर आलं, "पण तो फार सुंदर आहे." (हशा) असेल बुवा! मी कुठे नाही म्हणतोय?

कुणीतरी म्हणेल, विरामचिन्हांची पातळी शून्यावर आणा. आणली. ड्रॅगन गप्प झाला, पण 'प्राण ४५/१००' मधली तिरकी रेघही गेली. आता पंचेचाळीस शंभर हा काय प्रकार, ते लढाईच्या मध्यात ठरवा. आणि लढाई म्हणजे ओळींचा धबधबा. तुमचा वार, त्याचा वार, सोबत्याचा वार, शेजारच्या खोलीतली आरोळी. मी केव्हाच मेलेलो असतो आणि आवाज अजून मी मारलेला पहिला फटका कौतुकाने वाचत असतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. मग मुद्द्यावर येतो, जरा पळत.

अडचण अक्षरांत नाही, खिडकीत आहे. तुमचा फोकस आज्ञा लिहायच्या चौकटीत असतो आणि नवा मजकूर उमटतो वरच्या भागात. तो भाग प्रोग्रामने स्वतः रंगवलेला असला, तर एनव्हीडीए किंवा जॉज या स्क्रीन रीडरांना तिथे काही घडल्याचं कळतही नाही. म्हणून सॉफ्टवेअरला पहिला प्रश्न हा विचारायचा: नवी ओळ आली की आपणहून बोलतोस का? मड खेळायच्या प्रोग्रामांपैकी मशक्लायंट एकटा गप्पच असतो. त्याला मशरीडर हे प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, जोडलं की येणारी ओळ थेट स्क्रीन रीडरकडे जाते. व्हीआयपी मड दृष्टिहीन खेळाडूंसाठीच बनवलेला. मडलेट विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत येणारा मजकूर बोलून दाखवायची सोय आहे. ब्राउझरमधला खेळ असेल तर बनवणाऱ्याने एरिया-लाइव्ह, म्हणजे 'इथे नवं आलं की बोल' असं स्क्रीन रीडरला सांगणारी खूण, वापरलीय का, यावर सगळं अवलंबून. तीही 'असर्टिव्ह' ठेवली असेल तर प्रत्येक ओळ मागचीचा गळा दाबते, 'पोलाइट' हवी, म्हणजे मागची संपली की पुढची.

दुसरी परीक्षा: मागच्या ओळी कीबोर्डवरून, लिहायची चौकट न सोडता, पुन्हा ऐकता येतात का? तिसरी: ट्रिगर, म्हणजे 'अमुक ओळ आली की तमुक कर' असा नियम, लावून नको त्या ओळी गाळता येतात का, प्राण कमी झाले की बोलण्याऐवजी नुसता एखादा आवाज वाजवता येतो का? साउंडपॅक म्हणतात तो हाच उद्योग, आणि धबधब्यावर तोच उतारा.

खेळ कोणता? ऑल्टर इऑन या मडवर दृष्टिहीन खेळाडू पुष्कळ, त्यामुळे विचारलं की उत्तर मिळतं. अखेया या दुसऱ्या मडमध्ये 'कॉन्फिग स्क्रीनरीडर ऑन' टाइप करा, नक्षी बरीच आवरते. पत्ते नि सोंगट्यांची आवड असेल तर क्वेंटिनसीचा प्लेरूम.

मागून प्रश्न आलाय, ट्रिगर लावून झोपलं तर चालेल का? आवाज वाजवणारा ट्रिगर सहसा कुणाला खटकत नाही. तुम्ही घोरत असताना तुमच्या जागी लढणारा बहुतेक ठिकाणी नियमाबाहेर, पकडलं तर पात्र जातं. 'हेल्प रूल्स' टाइप करून आधी वाचा. तिथे तरी सहसा ड्रॅगन नसतो. माइक घ्या.